उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन : चाखावी कशी आणि कशासोबत घ्यावी

लेट हार्वेस्ट वाईन पहिल्यांदा चाखणारा माणूस बहुधा ‘बापरे, किती गोड!’ किंवा ‘वा, ही आवडली’ यांपैकी एक शेरा मारतो. दोन्ही शेरे प्रामाणिक असतात, परंतु दोन्ही केवळ साखरेविषयी असतात, आणि साखर ही या वाईनमधली सर्वांत सहज कळणारी, म्हणूनच सर्वांत कमी सांगणारी गोष्ट आहे. बेताची वाईन आणि उत्तम वाईन यांतला फरक ठरतो तो त्या साखरेला तोलून धरणाऱ्या आंबटपणावर, गंधाच्या खोलीवर आणि घोट गिळल्यानंतर तोंडात काय मागे राहते यावर. या तीन गोष्टी नवख्यालाही ओळखता याव्यात, अशा बेताने पुढचा क्रम लावला आहे. पदार्थांशी जोडी जमवण्याचा भाग मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण वाईन एकटी न चाखता थेट पदार्थासोबत घेतली, तर चव बिघडल्यास दोष कोणाचा हे कळत नाही.

ही वाईन गोड का राहते

नेहमीच्या तोडणीच्या वेळी वेलीवरचे काही घड मुद्दाम तसेच ठेवले जातात. पुढच्या काही आठवड्यांत द्राक्षांतले पाणी उडत जाते, साली सुरकुततात आणि आतला रस घट्ट व गोड होतो. अशा रसात यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करू लागते खरे, पण साखर इतकी जास्त असते की वाढत्या मद्यार्कामुळे यीस्टचे काम मध्येच मंदावते. अनेकदा वाईन थंड करून आणि गाळून ते मुद्दामही थांबवले जाते. जी साखर उरते तीच या वाईनची गोडी असते. वरून साखर घालून ही गोडी आणलेली नसते, हे नवख्यांना आवर्जून सांगावे लागते. आकड्यांत सांगायचे तर कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, वाईनमध्ये लिटरमागे साधारणपणे 4 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. युरोपच्या नियमांप्रमाणे ‘गोड’ हे विशेषण 45 ग्रॅमपासून पुढे लागते. फ्रान्समधल्या सोटर्नच्या नामवंत वाईनमध्ये ती 120 ते 150 ग्रॅमच्या घरात असते. आणि हंगेरीतल्या टोकाई एसेन्सियाला तर किमान 450 ग्रॅमची अट आहे. ही शेवटची वाईन जवळजवळ काकवीसारखी वाहते आणि परंपरेने चमच्याने चाखली जाते.

काही बागांत याच काळात एक बुरशी मदतीला येते. बोट्रायटिस सिनेरिया हे तिचे नाव, आणि वाईनच्या जगात तिच्या या उपयोगी रूपाला नोबल रॉट म्हणतात. सोटर्नच्या भागात सिरों ही लहान, थंड पाण्याची नदी गारोन या तुलनेने उबदार नदीला मिळते, त्यामुळे शरद ऋतूत सकाळी दाट धुके पडते. त्या ओलाव्यात बुरशी द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आणि दुपारचे ऊन त्या छिद्रांवाटे पाणी उडवून नेते. दुपारी ऊन पडले नाही आणि पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी करडी सड होऊन पीक बुडवते. शिवाय सगळे मणी एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून तोडणी करणाऱ्यांना त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरून फक्त तयार मणी निवडावे लागतात. शातो दिकेम या सुप्रसिद्ध मळ्यात एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाईन निघते असे सांगतात. या वाईन लहान बाटल्यांत आणि चढ्या भावाने का विकल्या जातात, याचे उत्तर या मेहनतीत आहे.

बाटली निवडताना

लेबलावरच्या नावांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. जर्मन लेबलावर श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रॉकेनबेरेनआउसलेझे असे चढते क्रम दिसतात. हे क्रम तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती यावर ठरतात, बाटलीत किती उरली यावर नव्हे. त्यामुळे श्पेटलेझेच्या शेजारी ‘ट्रॉकेन’ असे लिहिलेले असल्यास ती वाईन कोरडी निघेल. फ्रान्सच्या अल्सास भागात ‘वांदांज तार्दिव’, म्हणजे ‘उशिराची तोडणी’, हा शब्दप्रयोग पाहावा. हंगेरीच्या टोकाई ऑसू या गोड वाईनच्या लेबलावर 5 किंवा 6 पुट्टोन्योश असा उल्लेख आढळतो, आणि मोठा आकडा म्हणजे अधिक गोडी. आईसवाईन ही याच घराण्यातली, पण वेगळ्या स्वभावाची वाईन आहे. तिची द्राक्षे वेलीवरच गोठू देतात, जर्मनीत उणे 7 आणि कॅनडात उणे 8 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात तोडतात आणि गोठलेलीच दाबतात. पाणी बर्फ होऊन मागे राहते व घट्ट रस तेवढा बाहेर येतो.

आणखी एक खूण मद्यार्काच्या आकड्यात असते. रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनच्या बाटलीवर 7 ते 9 टक्के मद्यार्क लिहिले असेल, तर बरीचशी साखर मद्यार्कात न बदलता तशीच राहिली आहे असे समजायला हरकत नाही. सोटर्नच्या धर्तीच्या वाईनमध्ये 13 ते 14 टक्के मद्यार्क आणि भरपूर साखर दोन्ही असतात, त्यामुळे त्या अंगाने भारी लागतात. पहिल्या बाटलीसाठी माझा कौल रीसलिंग किंवा शेनिन ब्लां यांना आहे, कारण या द्राक्षांत आंबटपणा मुळातच भरपूर असतो आणि गोडी-आंबटीचा खेळ त्यांत स्वच्छ दिसतो. मस्कॅटचा फुलांसारखा सुगंध पहिल्याच भेटीत भुरळ घालतो. पण आंबटपणा कमी असलेली मस्कॅट शिकायला फारशी उपयोगी नाही. 375 मिलिलिटरची अर्धी बाटली घ्यावी. चार ते सहा जणांना ती पुरते.

तापमान, ग्लास आणि मात्रा

हलक्या, ताज्या वाईनला 8 ते 10 अंश सेल्सिअस आणि भारी किंवा जुन्या वाईनला 10 ते 12 अंश तापमान योग्य ठरते. फ्रीजमध्ये साधारण 4 अंश असतात, म्हणून तीन तास आत ठेवलेली बाटली ओतण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावी. घाई असल्यास बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून त्यात बाटली अर्धा तास बुडवावी. नुसता बर्फ बाटलीला जागोजागीच टेकतो आणि वेळ खातो. वाईन फार थंड असली तर गंध दबतो, आणि कोमट झाली की आंबटपणा मागे पडून ती पाकासारखी जिभेवर बसते. अंदाज चुकायचाच असेल तर तो थंडीच्या बाजूला चुकावा, कारण थंड वाईन हाताच्या ऊबेने दहा मिनिटांत वाटेवर येते.

गोड वाईन इवल्याशा लिक्युअर ग्लासात देण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ती टाळावी. तोंडाशी निमुळता होत गेलेला, पांढऱ्या वाईनचा लहान ग्लास घ्यावा आणि त्यात 50 ते 60 मिलिलिटरच ओतावी, म्हणजे वर गंध साठायला जागा राहते. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाच्या आतल्या बाजूला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले, तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असतात आणि निरुपद्रवी असतात. चाखण्याच्या आधी तासभर कॉफी, पुदिन्याची गोळी किंवा टूथपेस्ट यांची चव तोंडात नसावी, आणि अत्तराचाही मोह आवरावा.

बाटली उघडण्यापूर्वीचा एक सराव

आंबटपणा ‘साखरेला तोलून धरतो’ म्हणजे नेमके काय होते, हे शब्दांत सांगण्यापेक्षा जिभेला दाखवणे सोपे आहे. 200 मिलिलिटर पाण्यात 20 ग्रॅम साखर पूर्ण विरघळवावी. ही गोडी लिटरमागे सुमारे 100 ग्रॅम एवढी, म्हणजे बऱ्याच लेट हार्वेस्ट वाईनच्या आसपासची होते. हे पाणी दोन ग्लासांत समान वाटून एकात एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, लिंबाचा गाळलेला रस घालावा. दोन्ही ग्लास फ्रीजमध्ये सारखेच गार करावेत. आधी नुसत्या साखरपाण्याचा घोट घ्यावा आणि गिळल्यानंतर पाच-सात सेकंद थांबावे. ओठांवर आणि टाळूवर चिकट थर राहतो, आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. मग लिंबू घातलेल्या ग्लासातला घोट घ्यावा. साखर तेवढीच असूनही ती निम्म्यावर आल्यासारखी वाटते, जिभेच्या दोन्ही कडांना आणि गालांच्या आत लाळ सुटते, आणि तोंड आपोआप स्वच्छ होते. जिभेच्या कडेची ही लाळ नीट लक्षात ठेवावी. पुढे वाईन चाखताना नेमकी हीच खूण शोधायची आहे.

चाखण्याचा क्रम

रंगावर फार वेळ घालवू नये. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की फिकट सोनेरीपासून गडद मधाच्या रंगापर्यंतची छटा दिसते, आणि वय वाढेल तशी ती गडद होत जाते. ग्लासाच्या आतून सावकाश ओघळणाऱ्या थेंबांवर अनेक जण मोठ्या कौतुकाने बोट ठेवतात. ते थेंब मद्यार्क आणि दाटपणा यांच्याविषयी थोडेफार सांगतात, वाईनच्या दर्जाविषयी काहीही सांगत नाहीत.

गंधासाठी मात्र सवड काढावी. ग्लास न हलवता पहिला वास घ्यावा, नंतर तो टेबलावरच दोन-तीन वेळा गोल फिरवून दुसरा घ्यावा. पहिल्या वासात हलके, लवकर उडून जाणारे गंध येतात, दुसऱ्यात खालचे जड गंध वर येतात. नवख्यांनी गंधांच्या लांबलचक याद्या पाठ करू नयेत. स्वतःला एकच प्रश्न विचारावा : इथले फळ ताजे आहे की सुकलेले? ताजा पीच, अननस, लिंबाची साल असे काही जाणवले, तर ती बहुधा तरुण, बुरशीविना पिकलेली लेट हार्वेस्ट किंवा आईसवाईन असते. सुका जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मार्मालेड, मध, केशर, सुंठ यांच्याकडे मन गेले, तर नोबल रॉटचा हात असण्याची शक्यता मोठी. अक्रोड, कॅरामेल, टॉफी हे गंध वयाबरोबर येतात, आणि व्हॅनिला नव्या ओकच्या पिंपातून येते. जुन्या रीसलिंगमध्ये रॉकेलसारखा वास आला तर दचकू नये. तो त्या द्राक्षाचा वयपरत्वे येणारा गुण आहे, आणि पुष्कळ रसिक तो शोधत असतात.

आता घोट. पहिला घोट केवळ जिभेला सवय होण्यासाठी असतो. त्यावर कोणतेही मत बनवू नये. दुसरा घोट लहान घ्यावा, सर्व जिभेवर फिरवावा आणि पाच-सहा सेकंद तोंडात धरावा. गोडी ताबडतोब पुढे येते. लक्ष ठेवायचे आहे ते आंबटपणा केव्हा येतो यावर. चांगल्या वाईनमध्ये तो गोडीच्या पाठोपाठ, घोट तोंडात असतानाच जाणवतो आणि गोडीला पुढे ढकलत नेतो. कमकुवत वाईनमध्ये तो येतच नाही, किंवा गोडी ओसरल्यानंतर वेगळा, टोचणारा असा येतो, जणू दोघांची ओळखच नाही. नोबल रॉटच्या वाईनमध्ये शेवटी संत्र्याच्या सालीसारखा किंचित कडवटपणाही असतो. अतिगोडीला त्याचाही लगाम लागतो, म्हणून त्याला दोष समजू नये.

तिसरा घोट गिळून टाकावा, तोंडाने श्वास आत घेऊन नाकाने बाहेर सोडावा आणि मनात सेकंद मोजावेत. जे मागे राहिले ते गंधयुक्त आहे की नुसते चिकट, हा खरा निकाल असतो. जर्दाळू, मध, सुंठ अशी ओळखू येणारी चव वीस-तीस सेकंद टिकत असेल आणि त्याच वेळी लाळ सुटून तोंड स्वच्छ होत असेल, तर वाईन उत्तम आहे. मग ती लिटरमागे 60 ग्रॅमची असो वा 160 ग्रॅमची. पाच सेकंदांत गंध संपून साखर तेवढी उरली, तर लेबल कितीही भारदस्त असले तरी मत बदलू नये.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त गोड वाईन चाखू नयेत, कारण साखरेने जीभ लवकर थकते. क्रम कमी गोडीकडून जास्त गोडीकडे ठेवावा आणि मधल्या वेळी साधे पाणी व बिनगोडाचा पाव घ्यावा. घोट थुंकून टाकण्यात काहीही गैर नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर वरचे साखरेचे आकडे पाहूनच मात्रा ठरवावी.

दोष कोणते आणि शंका कोणत्या

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास येणारी बाटली बुचामुळे बिघडलेली असते. ती दुकानाला परत करावी. नुकत्याच पेटवलेल्या आगकाडीचा वास मात्र सल्फर डायऑक्साइडचा असतो. उरलेल्या साखरेवर यीस्टने पुन्हा काम सुरू करू नये म्हणून गोड वाईनमध्ये ते जास्त घालावे लागते. युरोपीय नियमांत साध्या पांढऱ्या कोरड्या वाईनला लिटरमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर सोटर्नसारख्या वाईनला 400 मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. ग्लास काही मिनिटे फिरवला की हा वास उडून जातो. नेलपॉलिशच्या वासाची पुसट छटा नोबल रॉटच्या वाईनमध्ये अनेकदा असते आणि ती सुगंधाला उचलूनही धरते. ती नाकात झोंबू लागली तर मात्र दोष समजावा. शांत असायला हवी ती वाईन जिभेवर फसफसत असेल, तर बाटलीत पुन्हा किण्वन सुरू झाले आहे.

जोडी जमवताना

मूळ नियम एकच आहे : पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड असावा. हा नियम तपासून पाहायचा असेल तर वाईनचा घोट घ्यावा, दाट आयसिंगच्या केकचा घास खावा आणि पुन्हा घोट घ्यावा. तीच वाईन आता पातळ, आंबट आणि रागावलेली लागते. केकच्या साखरेला सरावलेल्या जिभेला वाईनची साखर जाणवेनाशी होते आणि आंबटपणा उघडा पडतो. ‘डेझर्ट वाईन’ या नावामुळे लोक तिला सर्वांत गोड पदार्थासोबत बसवतात, आणि तिथेच तिची सर्वाधिक नाचक्की होते.

म्हणून पहिली जोडी गोड पदार्थाशी न लावता खारट चीजशी लावावी, असे मी आग्रहाने सांगेन. रोकफोर आणि सोटर्न ही जोडी उगाच प्रसिद्ध झालेली नाही. रोकफोरचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून तो वितळू द्यावा. आधी मीठ लागते, मग मेंढीच्या दुधाची स्निग्धता पसरते आणि शेवटी निळ्या बुरशीचा तिखटसर दंश येतो. तो दंश चढत असतानाच वाईनचा लहान घोट घ्यावा. साखर मिठाला मवाळ करते, आंबटपणा लोण्यासारखा थर कापून काढतो, आणि एरवी उग्र वाटणाऱ्या चीजमधून दुधाची गोडसर चव वर येते. दुसरीकडे मिठामुळे वाईनची गोडी कमी व फळाची चव जास्त जाणवते. स्टिल्टन किंवा गोर्गोन्झोला यांच्यासोबतही हेच घडते. निळे चीज ज्यांना मुळीच चालत नाही, त्यांनी खारवलेले भाजके बदाम घ्यावेत. परिणाम सौम्य असतो, पण दिशा तीच असते.

गोडाचा पदार्थच हवा असेल तर भाजलेली फळे आणि लोण्याचे खुसखुशीत पीठ यांची संगत सर्वांत विश्वासाची. सफरचंदाचा, जर्दाळूचा किंवा पीचचा टार्ट, साखर हात राखून घातलेला, लेट हार्वेस्ट रीसलिंगसोबत सहसा निराश करत नाही, कारण फळाचा आंबटपणा आणि वाईनचा आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. बदामाचा साधा केकही चालतो. वर जळकट साखरेची काच असलेले क्रेम ब्रुले नोबल रॉटच्या वाईनशी जुळते, कारण त्या काचेतला कडवटपणा दोन्हीकडची गोडी आवरतो. लिंबाच्या टार्टबाबत सावध राहावे. त्याचा आंबटपणा वाईनवर मात करतो आणि वाईन मंद लागते. आईस्क्रीम जिभेला बधिर करते, त्यामुळे चांगली बाटली त्यासोबत उघडू नये.

चॉकलेटवर वाद आहेत. माझ्या मते गडद चॉकलेटचा कडूपणा आणि जाड स्निग्धता या सोनेरी वाईनचा गंध पुसून टाकतात. तिथे पोर्ट किंवा बान्यूल्ससारख्या मद्यार्क घालून यीस्टचे काम थांबवलेल्या लाल गोड वाईन अधिक शोभतात. तिखट पदार्थांसोबत मात्र गोड वाईन अनेकांच्या अपेक्षेपेक्षा चांगली वागते. साखर तिखटाचा जाळ कमी करते, पण मद्यार्क तो वाढवतो, म्हणून इथे 14 टक्क्यांची भारी वाईन न घेता 7-8 टक्क्यांची आउसलेझे घ्यावी.

आणि सोबत काहीच नसले तरी चालते. जेवणानंतर गोड पदार्थाच्या जागी केवळ हाच एक लहान ग्लास ठेवणे ही, माझ्या दृष्टीने, या वाईनला दिलेली सर्वांत न्याय्य वागणूक आहे.

उरलेली बाटली

साखर आणि आंबटपणा यांमुळे उघडलेली गोड वाईन कोरड्या वाईनपेक्षा अधिक टिकते. बूच घट्ट लावून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवल्यास हलकी रीसलिंग सुमारे आठवडाभर आणि भारी सोटर्न त्याहून काही दिवस अधिक चांगली राहते. दररोज एक घोट घेऊन पाहावा. त्यात शिकण्यासारखे बरेच असते. आधी ताज्या फळांचा गंध जातो, मग मधाचा मंदावतो, आणि गोडी सर्वांत शेवटपर्यंत टिकते. नुसती गोडी उरली की ती ग्लासात ओतू नये. तीत सोललेली नाशपाती मंद आचेवर शिजवावी, फळ मऊ झाल्यावर बाहेर काढावे, आणि उरलेला रस निम्मा होईपर्यंत आटवून त्यावरच ओतावा.